मुलीच्या डोळ्यात लेन्स आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का?



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, आणि शेवटी एका ताईने तातडीचं कर्ज मागितलं, ८,००० रुपये. रजिस्टरमध्ये कारण लिहायचं म्हणून सचिव ताईने विचारलं, तर ती म्हणाली, "लिहा, मुलीचा डोळा."

बैठक संपल्यावर मी तिच्या घरी गेले. मुलगी अकरावीत, तालुक्याच्या कॉलेजला जाते. पोलीस भरतीचं मनात आहे, म्हणून पहाटे पळायला जायची. डिसेंबरात कॉलेजचं गॅदरिंग होतं. चुलत बहिणीच्या लग्नात, मे महिन्यात, पार्लरमधून राखाडी रंगाच्या लेन्स घेतल्या होत्या. त्या एका डबीत घालून कपाटात ठेवलेल्या. लेन्सचं सोल्युशन केव्हाच संपलेलं, म्हणून डबीत माठातलं पाणी घातलं. नाचाच्या आधी दोघी मैत्रिणींनी त्या आलटून पालटून घातल्या. रात्री उशिरा घरी आली, दमली होती, लेन्स न काढता तशीच झोपली.

सकाळी डोळा लाल. आई रागावेल म्हणून "साबण गेला" म्हणाली. आईला वाटलं, डोळे आलेत. मेडिकलमधून थेंब आणले, घातले. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. मग धावाधाव. जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरांनी नमुना घेतला, तपासला, आणि दर तासाला थेंब घालायला सांगितलं, दिवसाही आणि रात्रीही. ताईने मोबाईलला गजर लावून रात्री काढल्या.

डोळा वाचला. पण बुबुळात फूल राहिलं. त्या डोळ्याने फळ्यावरचं अजून धुरकट दिसतं. भरतीचं काय होणार, ते डॉक्टरही इतक्यात सांगू शकत नाहीत.

ताई मला म्हणाली, "मॅडम, असलं काही डोळ्यात घालतात, हेच मला ठाऊक नव्हतं. मी विचारणार तरी काय?"

तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून हा लेख. ताईने हे छापायला परवानगी दिली, फक्त नाव नको म्हणाली.

लेन्स म्हणजे नेमकं काय?

कॉन्टॅक्ट लेन्स म्हणजे मऊ, ओलसर प्लास्टिकची नखाएवढी पातळ वाटी. ती थेट बुबुळावर बसते. ती घालण्याची मुख्य कारणं तीन.

पहिलं, चष्म्याऐवजी. दुसरं, हौस म्हणून, डोळ्यांचा रंग बदलण्यासाठी. आणि तिसरं, औषधोपचार म्हणून. काही लहान मुलांना डॉक्टरच लेन्स देतात. या तिसऱ्या मुलांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण त्यांच्या आयांनी हा लेख वाचून घाबरू नये.

लेन्स वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. मी स्वतः एमएसडब्ल्यूला असताना वापरायचे. एकदा परीक्षा संपवून रात्रीच्या एसटीने घरी निघाले आणि लेन्स घालून गाडीतच झोपले. सकाळी डोळे चिकटले होते, दिवसभर खुपत होतं. मला काही झालं नाही. तेव्हा वाटलं, काही होत नसतं. आज कळतं की ते नशीब होतं. त्या मुलीच्या मैत्रिणीलाही काही झालं नाही, दोघींच्या लेन्स त्याच होत्या तरी. एकीला काही होत नाही म्हणून दुसरीला होणार नाही, असा डोळ्याचा नियम नाही.

डोळा स्वतःची राखण कशी करतो

आपल्या डोळ्यावर जंतू नसतात असं नाही. हातावर असतात, तोंडात असतात, तसे डोळ्याच्या पृष्ठभागावरही थोडे असतात. ते रोज असतात, तरी आपला डोळा रोज बिघडत नाही. कारण डोळ्याला राखणदार आहेत.

पहिली राखणदार पापणी. ती मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटते आणि दर वेळी डोळा पुसून काढते. दुसरे राखणदार अश्रू. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नाही, त्यात जंतू मारणारे पदार्थ असतात. त्यातल्या एकाचं नाव लायसोझाइम. तो अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगासमोर मांडला. पुढे १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं, तेच हे शास्त्रज्ञ. तिसरी राखणदार बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची कातडी. ती अखंड असेल तर बहुतेक जंतूंना आत शिरता येत नाही.

हा पारदर्शक पडदा म्हणजे आपल्या डोळ्याची काच. मधोमध तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलं नसतं. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत. म्हणजे डोळ्याची काच उघड्यावर श्वास घेते म्हणा ना.

आता यावर लेन्स ठेवली की काय होतं, ते बघा. पापणी लेन्सच्या वरून फिरते, खाली नीट पुसलं जात नाही. लेन्सखालचे अश्रू लवकर बदलत नाहीत. हवा थोडी कमी मिळते. आणि लेन्स घालता-काढताना नख लागून किंवा लेन्स घासून कातडीला बारीकसा ओरखडा जाऊ शकतो, जो आरशात दिसतही नाही. तिन्ही राखणदार थोडे थोडे ढिले पडतात. तेवढ्यात बाहेरून एखादा जबरा जंतू आला, तर त्याला दार उघडं मिळतं.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी लेन्स वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांतले जंतू तपासले होते. लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांतले जंतू पापणीच्या कातडीवरच्या जंतूंसारखे दिसले. ते बोटांमधून येतात, की लेन्समुळे डोळ्यातलं वातावरणच बदलतं, हे त्या अभ्यासातून ठरलं नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये. पण लेन्समुळे डोळ्यावरची जंतूंची वस्ती बदलते, एवढं त्यातून दिसलं.

खरा शत्रू: पाणी

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. हे वाक्य लक्षात ठेवा आणि घरी जाऊन मुलांना सांगा.

लेन्सला पाणी लावायचं नाही. नळाचं नाही, विहिरीचं नाही, माठातलं नाही, फिल्टरचं नाही, विकतच्या बाटलीतलंही नाही.

एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "पोरी, आम्ही तेच पाणी पितो की!" प्रश्न अगदी बरोबर आहे. पिण्याचं पाणी पोटात जातं, तिथे जंतूंशी लढायला आम्ल आहे. डोळ्यात तसं काही नाही. पिण्याला चांगलं पाणी म्हणजे एकही जीव नसलेलं पाणी नव्हे.

पाण्यात आणि ओलाव्याच्या जागी स्युडोमोनास नावाचा एक जीवाणू राहतो. मोरीत, नळाच्या तोंडाशी, ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात. पोटात गेला तर धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पण लेन्सवर बसून ओरखडा पडलेल्या बुबुळापर्यंत पोचला, तर तो असे रस सोडतो की डोळ्याची काच विरघळायला लागते. एक-दोन दिवसांत मोठं नुकसान होऊ शकतं. लेन्समुळे होणाऱ्या बुबुळाच्या जखमांमध्ये हाच जीवाणू सगळ्यात जास्त सापडतो.

पाण्यात आणखी एक सूक्ष्म जीव असतो, अकँथअमिबा. त्याचा त्रास क्वचित होतो, पण झाला तर उपचार महिनोन् महिने चालतात, कारण तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो आणि औषधाला लवकर दाद देत नाही.

आणि डबी? दुधाचा व्यवसाय करणाऱ्या ताईंना हे चटकन कळेल. दुधाचा कॅन नुसता विसळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी आत हात फिरवल्यावर बुळबुळीत लागतं की नाही? तो थर जंतूंचाच असतो. घासल्याशिवाय तो निघत नाही, आणि त्यात नवं दूध ओतलं की दूध नासतं. लेन्सच्या डबीत अगदी हेच होतं. बुळबुळीत थर डबीला धरतो, तिथून लेन्सवर येतो, लेन्सवरून डोळ्यात. जुन्या सोल्युशनमध्येच थोडं नवं घालून "भर टाकणं" म्हणजे नासक्या दुधात ताजं दूध ओतणं.

झोप: दुसरी मोठी चूक

डोळे मिटले की बुबुळाला हवा आधीच कमी मिळते. त्यात लेन्स असेल तर आणखी कमी. पापणी फिरत नाही, अश्रू बदलत नाहीत, आतली ऊब जंतूंना मानवते. लेन्स घालून झोपणाऱ्यांत बुबुळाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका न झोपणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. दुपारची डुलकी, एसटीतली झोप, हळदीच्या रात्री गादीवर पडल्या पडल्या लागलेला डोळा, हे सगळं झोपेतच मोजायचं.

ही चूक फक्त आपल्याच मुली करतात असं नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये १२ ते १७ वर्षांच्या लेन्स वापरणाऱ्या मुलामुलींना सवयी विचारल्या, तेव्हा १०० पैकी ८५ जणांनी डोळ्याला धोका होईल अशी किमान एक सवय असल्याचं सांगितलं. लेन्स घालून झोपणं, पोहणं, ठरलेल्या मुदतीत लेन्स न बदलणं, अशाच त्या सवयी. तिथे तर लेन्स डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. आपल्याकडे पार्लरमधून, ऑनलाइन, मैत्रिणीकडून मिळते, आणि सोबत सांगणारं कोणी नसतं.

रंगीत लेन्स आणि पार्लर चालवणाऱ्या ताईंना विनंती

आपल्या संघातल्या अनेक ताईंनी गटाचं कर्ज घेऊन पार्लर सुरू केलं आहे. त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच ही गोष्ट स्पष्ट लिहिते.

रंगीत लेन्सला नंबर नसला तरी ती डोळ्याच्या आतच जाते. प्रत्येकीच्या बुबुळाचा गोलवा आणि आकार वेगळा असतो. माप न घेता घातलेली लेन्स घट्ट बसते किंवा घासते. टिकली किंवा बांगडीसारखी ती उसनी देता येत नाही. अमेरिकेत २००५ पासून नंबर नसलेली रंगीत लेन्ससुद्धा कायद्याने वैद्यकीय वस्तू धरतात, दागिन्यासारखी विकता येत नाही.

एका नवरीला घातलेली लेन्स पुसून किंवा धुऊन दुसरीला कधीही घालू नका. सोल्युशनमध्ये बुडवून ठेवली असली तरी नको.

"लेन्स नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या पार्लरला जातं," असं एक ताई मला म्हणाली. तिची अडचण खोटी नाही. त्यावर आम्ही दोघींनी मिळून एक वाट काढली. बुकिंग घेतानाच, लग्नाच्या महिनाभर आधी, ती नवरीला सांगते, "लेन्स हवी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून माप घेऊन स्वतःची आण. घालायची कशी, काढायची कशी, तेही तिथेच शीक. मेकअप मी करते." लेन्स मेकअपच्या आधी घालायची आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढायची, हेही ती सांगते. या लग्नसराईत तिची एकही नवरी गेली नाही. उलट एका नवरीची आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

ज्या बाळांना डॉक्टरांनीच लेन्स दिली आहे

काही बाळं जन्मतः मोतीबिंदू घेऊन येतात. बाहुली पांढरट दिसते, बाळ नजर लावत नाही. ऑपरेशन करून डोळ्याचं आतलं गढूळ भिंग काढतात. पण भिंग काढलं की डोळ्याला नीट बघता येत नाही, म्हणून जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. खूप लहान बाळाच्या डोळ्यात आत कृत्रिम भिंग बसवायचं की पुढे ढकलायचं, हे डॉक्टर डोळ्याची वाढ बघून ठरवतात.

इथे लेन्स हौस नाही, नजरेचं खाणं आहे. पहिल्या काही वर्षांत मेंदू बघायला शिकत असतो. त्या काळात डोळ्यातून स्पष्ट चित्र गेलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. मोठेपणी ते भरून काढणं फार कठीण जातं.

म्हणून अशा बाळाच्या आईला सासूबाईंनी किंवा शेजारणीने "इवल्याशा पोराच्या डोळ्यात प्लास्टिक घालतेस?" असं म्हणू नये. आणि माझा हा लेख वाचून आईने लेन्स बंदही करू नये. तिला बोल लावण्यापेक्षा लेन्स काढायच्या वेळी बाळाला धरायला मदत करा. काहींच्या लेन्स रोज काढायच्या असतात, काहींच्या काही दिवसांनी. आपल्या बाळाला जे सांगितलं आहे, तेच पाळा. बाळाला बोलता येत नाही, म्हणून रोज उजेडात डोळा बघायचा. लाली, चिकट घाण, उजेडाला डोळा न उघडणं, सारखं चोळणं, यातलं काही दिसलं तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आपल्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात मोतीबिंदूही त्यात धरला आहे. पथकाची तारीख अंगणवाडी ताईंकडून कळते. त्या दिवशी बाळाला शेतावर नेऊ नका.

लेन्स वापरायचीच असेल तर

"किती वयाच्या मुलांनी लेन्स घालावी?" असं मला विचारतात. डॉक्टर वयापेक्षा सवय बघतात. जे मूल न सांगता हात धुतं, वस्तू जागच्या जागी ठेवतं, त्याला जमेल. ज्याला दात घासायला तीनदा सांगावं लागतं, त्याला चष्माच बरा. पुढचे नियम कापून भिंतीवर लावा:

१. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओल्या हाताला नळाचं पाणी असतंच. पदराला किंवा ओढणीला पुसू नका, स्वच्छ कोरडा रुमाल वेगळा ठेवा.

२. लेन्स काढल्यावर तळहातावर सोल्युशन घेऊन बोटाने हलकी चोळा, मग सोल्युशननेच धुवा.

३. डबीतलं जुनं सोल्युशन रोज ओतून द्या. डबी सोल्युशनने घासून धुवा, पुसून पालथी घालून वाळवा. तीन महिन्यांनी डबी बदला.

४. लेन्सची मुदत पाळा. एक दिवसाची लेन्स एकदा काढली की फेकायची. महिन्याची लेन्स महिन्यानंतर नाही.

५. आंघोळ, पोहणं, नदीतली डुबकी, रंगपंचमी, या सगळ्याआधी लेन्स काढा.

६. झोपताना लेन्स नको. कधीच नको.

७. लेन्स कोणाला देऊ नका, कोणाची घेऊ नका. सख्ख्या बहिणीचीही नाही.

८. लेन्सला थुंकी लावू नका. तोंडातले जंतू डोळ्यात जातात.

९. जवळ चष्मा असू द्या. डोळा थोडा जरी खुपला तरी लेन्स काढून चष्मा घालता आला पाहिजे.

आणि पैशाचं खरं बोलूया. लेन्स एकदा घेतली म्हणजे झालं असं नसतं. सोल्युशन, डबी, नवी लेन्स, हा खर्च दर महिन्याचा आहे. तो परवडत नसेल, तर मुली पाण्यावर भागवतात, आणि तिथेच घात होतो. सोल्युशनला पैसे नसतील तर लेन्स नको, चष्मा घ्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळेतल्या मुलांची नजर तपासून गरजूंना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. मुख्याध्यापकांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

डोळे आलेत की दुसरं काही?

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, आठवतं ना? घरोघरी काळे चष्मे. बहुतेकांचे डोळे आठवड्याभरात बरे झाले. तेव्हापासून "डोळे आलेत, होतील बरे" असं म्हणायची आपल्याला सवय लागली. सवय वाईट नाही, पण लेन्स घालणाऱ्याच्या बाबतीत ती महागात पडते.

साथीचे डोळे बहुतेक एकाला लागून एक असे दोन्ही येतात, खाजतात, चिपडं येतात, पण डोळा पुसला की नीट दिसतं. बुबुळाला जखम झाली तर बहुधा एकाच डोळ्यात जोराची कळ येते, उजेड सहन होत नाही, पाणी गळतं, पुसूनही धुरकट दिसतं, आणि पुढे पांढरा ठिपका येतो. पण घरी बसून फरक करायच्या भानगडीत पडू नका. लेन्स घालणाऱ्या मुलाचा डोळा लाल झाला आणि दुखतोय, एवढंच पुरे. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

काय करायचं: दोन्ही लेन्स लगेच काढा. फेकू नका. लेन्स आणि डबी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, त्यावरून कोणता जंतू आहे ते शोधायला मदत होते. कधी घातली, झोपलात का, पाणी लावलं का, सगळं खरं सांगा.

काय करायचं नाही: डोळ्यावर पट्टी बांधू नका, आत ऊब वाढते. मध, दूध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, पाल्याचा रस, काही घालू नका. आणि मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब घालू नका. काही थेंबांत स्टेरॉईड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं, पण आत जंतू मोकाट सुटतात. डॉक्टर योग्य वेळी ते देतात. आपण आपल्या मनाने द्यायचं नाही. घरात पडून असलेली, फोडून महिना झालेली थेंबांची बाटलीही वापरू नका.

कुठे जायचं, ते कळत नसेल तर १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर फोन करून विचारा. ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईंकडून आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी डॉक्टर नसतील तर पुढच्या वारापर्यंत थांबू नका, जिल्हा रुग्णालय गाठा.

बैठकीत आलेले दोन प्रश्न

"लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत शिरते का?" नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा पापणीच्या आतून वळलेली असते, मागे जायला वाटच नाही. लेन्स फार तर पापणीखाली सरकते. निघत नसेल तर ओरबाडू नका, डॉक्टर काढून देतात.

"चुलीपुढे बसलं तर लेन्स वितळते का?" नाही. पण धूर आणि राख डोळ्यात जाऊन घासतं, डोळा कोरडा पडतो. चुलीपुढे, मळणीच्या वेळी, उसात काम करताना चष्माच बरा.

शेवटची गोष्ट

त्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली. पहिल्या दिवशी सकाळीच तिला आरशात बघून कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. पण "लेन्स घातली होती" हे सांगायची हिंमत झाली नाही. दोन दिवस गेले ते जंतूमुळे नाही, भीतीमुळे. आई रागावली असती, हेही खरं आहे. ताईच मला म्हणाली, "मी दोन रट्टे दिलेच असते."

आता होळी-रंगपंचमी येतेय, मग लग्नसराई. म्हणून या महिन्यात प्रत्येक ताईने एकच काम करायचं. आज संध्याकाळी भाकरी थापता थापता मुलीला, मुलाला सहज विचारा, "तुझ्या वर्गात कोणी लेन्स घालतं का गं? तू घातलीस का कधी?" हो म्हणाली तर रागावू नका. डबी बघायला मागा. आत पाणी आहे की सोल्युशन, ते बघा. मुदत बघा. आणि एवढं सांगा, "डोळा लाल झाला तर मला आधी सांग. मी ओरडणार नाही."

पुढच्या मासिक बैठकीत बचतीनंतर दहा मिनिटं हा विषय ठेवा. पार्लरवाल्या ताईंनी आपला अनुभव सांगा. प्रश्न असतील ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मी आले की डॉक्टरांना विचारून उत्तरं आणते.

त्या ताईचं कर्ज गटाने त्याच दिवशी मंजूर केलं. कोणी कारण विचारत बसलं नाही, कोणी बोल लावला नाही. आपला गट असा आहे, म्हणूनच हे सगळं तुम्हाला मोकळेपणाने लिहिता आलं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक